पन्नास समाधानी ग्राहक

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
नव्या वर्षाची डायरी आजच सुरू. १ जानेवारीची वाट सामान्य माणसं बघतात. मागच्या दोन डायऱ्या १ जानेवारीला सुरू केल्या होत्या, दोन्ही नऊ तारखेला बंद पडल्या. दोष तारखेचा.

कंपनी आता सात माणसांची. पाच वर्षांपूर्वी जालन्याच्या मस्तगडात भांड्यांच्या दुकानावर एका खोलीत मी आणि एक प्रिंटर होतो. प्रिंटर गेला, मी राहिलो. आज दोन खोल्या. वाढदिवसाच्या पोस्ट, दुकानांची पेजेस, उद्घाटनाचे व्हिडिओ, श्रद्धांजलीचे फोटो. जालना जिल्ह्यात माणूस आला काय, गेला काय, आपल्याच कॉम्प्युटरवरून जातो.

संकल्प १: प्रत्येक निर्णय नव्वद सेकंदांत. यूट्यूबवर एका कोटवाल्याने सांगितलं. मोठे मॅनेजर विचार करत बसत नाहीत.

संकल्प २: ऑफिसात मूल्यांचा फ्लेक्स. प्रामाणिकपणा, पारदर्शकता, जबाबदारी. आजच लावला. माप जरा चुकलं, जबाबदारी कपाटामागे गेली. शीतल म्हणाली, सर कपाट सरकवू. कपाट जड आहे.

१७ डिसेंबर, बुधवार
मच्छिंद्रशेठ आले. आपले सर्वात मोठे क्लायंट. एमआयडीसीत शेड टाकून गुडघ्याचं तेल काढलंय. नाव ‘भरारी’. ६ जानेवारीच्या अंगारकीला राजूरच्या गणपतीला जी गर्दी लोटते, तिच्यात त्यांना एलईडी व्हॅन फिरवायची आहे. व्हॅनवर पन्नास समाधानी ग्राहक बोलताना दिसले पाहिजेत.

तेल बाजारात येऊन आठ दिवस झाले. समाधानी ग्राहक सध्या तीन. एक शेठचा साडू. दुसऱ्याने बाटली अजून उघडलेली नाही. तिसरा खरोखर समाधानी आहे, पण त्याचा गुडघा आधीपासूनच चांगला होता.

मी म्हणालो, होऊन जाईल. बावीस सेकंद लागले. स्वतःचाच रेकॉर्ड.

शेठ गेल्यावर शीतलने विचारलं, मंग बाकीची सत्तेचाळीस माणसं कुठून आणायची? शीतल म्हणजे आपली ऑपरेशन्स मॅनेजर. जाफराबादकडची. ऑफिसचं सगळं ती बघते, मी व्हिजन बघतो. तिला सांगितलं की याला एथिकल डायलेमा म्हणतात. खरं सांगायचं तर मनातून फार बरं वाटलं. मागच्या वर्षीपर्यंत आपल्याकडे एकच डायलेमा होता, लाईट कधी येणार. आता नैतिक प्रश्न पडायला लागले. ग्रोथ.

१८ डिसेंबर, गुरुवार
एथिक्स कमिटी स्थापन. सदस्य तीन: अध्यक्ष म्हणून मी, सीईओ म्हणून मी, कर्मचारी प्रतिनिधी म्हणून शीतल. चर्चा खेळीमेळीत. ठराव दोन विरुद्ध एक असा मंजूर.

ठराव असा. पाच वर्षं आपण वाढदिवसाच्या पोस्ट करतोय. प्रत्येक पोस्टखाली चाळीस-चाळीस शुभेच्छुकांचे फोटो. सगळे आपल्या कॉम्प्युटरवर पडून आहेत. ज्या माणसाने शुभेच्छुक म्हणून स्वतःहून फोटो पाठवला, त्याला आपला फोटो चारचौघांत दिसावा हीच इच्छा असणार. आपण ती पूर्ण करतोय. नावं बदलायची, म्हणजे तो माणूस तो राहतच नाही. एका ॲपमध्ये फोटो टाकला की फोटो तोंड हलवून बोलतो. आवाजही ॲपचाच.

फरहाना म्हणाली, सर, इन लोगां को पूछे क्या? म्हणालो, ते मी बघतो. वहीत लिहून ठेवलं: परवानगी – मी.

फरहाना आपली डिझायनर. तिच्यासारखा हात जालन्यात नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, डोक्यात जायला नको. दोन वर्षांपूर्वी कामाला लागली तेव्हा पहिल्या दिवशी तिची आई कमरबी सोबत आली होती. तीन तास खुर्चीवर बसून सगळ्यांची तोंडं बघत होती. जाताना एवढंच म्हणाली, मेरी बेटी के नाम पे बात नक्को आने दो. त्यांच्या गल्लीतून ऑफिसात जाणारी ही पहिलीच मुलगी. बाकीच्या पोरींच्या आया हिच्याकडे बघून ठरवणार आहेत म्हणे. मी म्हणालो, जबाबदारी माझी. (तेव्हा फ्लेक्स नव्हता, तरी मूल्यं होती.)

२२ डिसेंबर, सोमवार
अडचण. शुभेच्छुक सगळे तरणे. गॉगल, पांढरा शर्ट, मागे बुलेट. असल्या माणसाचा गुडघा दुखतो हे कोण मानेल? शीतलने निवडून निवडून चाळिशीपुढचे एकोणचाळीस काढले. शेठचे तीन धरून बेचाळीस. आठ कमी.

फरहाना जेवायला गेली होती. मी स्वतः तिच्या कॉम्प्युटरवर बसलो. लीडरने अधूनमधून हात काळे करावेत. जुन्या कामाच्या एका फोल्डरमध्ये काय सुंदर चेहरे सापडले! सगळे वयस्क, शांत, सरळ समोर बघणारे. कडेची फुलं, मजकूर कापून टाकला की झालं. आठ फोटो निवडले. एकूण वेळ ८४ सेकंद.

त्यातल्या एक बाई तर हिरॉईन. मोठं कुंकू, नाकात नथ, नजर अशी की पाणी सांडलं तर आत्ता ओरडतील. नाव दिलं सुमनबाई, वय ६२, परतूर.

फरहाना परत आली. सर, ये कौन हैं? म्हणालो, जुने क्लायंट. ती म्हणाली, कहीं देखे सरीका लग रा. म्हणालो, जालना लहान आहे.

२९ डिसेंबर, सोमवार
व्हिडिओ तयार. सुमनबाई म्हणतात, “माझे गुडघे आता अजिबात दुखत नाहीत. भरारीने मला नवे पाय दिले.” भाषा पुण्याची निघाली, पण इलाज नाही. ॲपला आपली भाषा येत नाही. शेठनी तीन वेळा बघितला. म्हणाले, ही बाई व्हॅनच्या दोन्ही अंगाला पाहिजे.

शीतलने चेकलिस्ट पुढे केली. एक रकाना ‘फोटोंची खातरजमा केली’ आणि त्यापुढे सही. मला शेठना सोडायला खाली जायचं होतं. फरहानाला म्हणालो, तू कर. ती थांबली. सर, मैंने तो चेक नहीं किए. म्हणालो, विश्वास ठेव, मी बघितलंय. तिने सही केली. याला एम्पॉवरमेंट म्हणतात. घरी बायकोला, अर्पिताला सांगितलं, मी आता अधिकार खाली सोडायला लागलोय. ती म्हणाली, आधी गॅसवरचं दूध खाली घ्या.

१ जानेवारी
लोक आज डायऱ्या सुरू करतील. हसू आलं.

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी. सकाळी ९.३०, राजूर
पहाटेपासून माणूस चालतच येतोय. भोकरदनकडून, जालन्याकडून, ट्रॅक्टर, जीपा, पायी. आपली व्हॅन मंदिराच्या रस्त्यावर मोक्याच्या जागी. प्रतिसाद अभूतपूर्व!

सकाळी १०.१५
सुमनबाई आल्या की लोक थांबतात. बाकी एकोणपन्नास जणांना कोणी बघत नाही. एका बाईने स्क्रीनला हात जोडले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. दोघी-तिघी तोंडाला पदर लावून उभ्या. एक जण मट्‌कन खाली बसला. याला इमोशनल कनेक्ट म्हणतात. पुस्तकात वाचलं होतं, आज डोळ्यांनी बघितलं.

सकाळी ११
व्हॅनचा ड्रायव्हर धावत आला. म्हणाला, साहेब, लोक मला मारून राह्यले. ही बाई इथलीच. सोनूबाई म्हणून. मागच्या वर्षी वारली. अख्खं गाव तिच्या तेराव्याला जेवलंय.

संध्याकाळी ६, ऑफिस
फोल्डर तपासला. आपणच केलेले श्रद्धांजलीचे फोटो. आठच्या आठ.

म्हणजे आपल्या पन्नास समाधानी ग्राहकांपैकी आठ जण हयात नाहीत. टक्केवारीत १६.  

७ जानेवारी, बुधवार
शेठचा फोन. सकाळपासून पाचवा. लोक म्हणून राह्यले की तेल लावलं म्हून बाई मेली. धंदा बसला त्यांचा. मला म्हणाले, उद्यापर्यंत एक नाव द्या, न्हाई तर सगळं काम दुसरीकडं.

शीतलचं म्हणणं सोपं. व्हिडिओ सगळीकडून काढा, राजूरला जाऊन त्या घरच्यांची माफी मागा, शेठला सांगा की फोटो तुम्ही निवडले. शीतल चांगली आहे, पण तिला स्ट्रॅटेजी नाही. व्हिडिओ काढले. बाकीचे दोन मुद्दे कमिटीकडे पाठवले.

८ जानेवारी, गुरुवार
चौकशी पूर्ण. चौकशी समितीत मी. कागदपत्रं पाहिली. खातरजमेच्या रकान्यात सही फरहानाची. कागद बोलला, मी फक्त ऐकलं. शेठना कळवलं: चूक डिझाईन विभागाकडून झाली. त्यांनी विचारलं, विभागात कोण कोण? विभागात एकच माणूस आहे. नाव द्यावंच लागलं.

फरहानाला म्हणालो, चार दिवस घरी थांब, वातावरण निवळू दे.  ओरडली असती तर उत्तर तयार होतं. तिने डबा उचलला, सॅक भरली आणि ती गेली.

दुपारी शेठनी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: झाला प्रकार डिझायनर फरहाना हिच्या चुकीमुळे, तिला कामावरून काढलं आहे. काढलं असं मी म्हटलं नव्हतं. पण दुरुस्ती टाकली तर विषय वाढेल.

रात्री जेवताना अर्पिता म्हणाली, फोटो तिला दिले होते कोणी? म्हणालो, सिस्टिमने.

९ जानेवारी, शुक्रवार
कमरबीचा फोन. शिव्या देईल म्हणून तयार होतो. म्हणाली, साब, मोहल्ले में सब पूछ रहे, तेरी बेटी मुर्दों के फोटो बेचती क्या? बाजूकी दो बच्च्यां का काम पे जाना बंद कर दिए उनके घरवाले. तुम एक बार आके सच बोल देव, बस.

बरोबर आहे तिचं. शंभर टक्के. उद्या जातो. सगळ्यांसमोर सांगतो की फोटो मीच दिले. ठरलं. सात सेकंद.

१० जानेवारी, शनिवार
दुसरा शनिवार. असली कामं कामाच्या दिवशी केलेली बरी.

१२ जानेवारी, सोमवार. दुपारी ४
आज निघणारच होतो. गाडीची किल्ली हातात होती. तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज. रामराव आले, राजूरहून. सोनूबाईंचे मालक. खिडकीतून खाली पाहिलं, सोबत कोणी आहे का. नव्हतं. एसटीने एकटेच आलेले. पांढरं धोतर, हातात पिशवी. शीतलने पाणी दिलं.

मला वाटलं आता भांडण. ते भांडलेच नाहीत. म्हणाले, मी पायऱ्यापाशी व्हतो साहेब. वळून पाह्यलं तं सोनूबाई. एवढी मोठी. मटकन बसलोच मी.

मग म्हणाले, दोन वर्सं तिचे गुडघे मी शेकून देले. रोज. वीट तापवून. मला म्हणायची लई दुखून राह्यले. आन् तिथं साऱ्या जत्रंला सांगून राह्यली का दुखत न्हाईत म्हून. ही बाटली तिनं कवा आणल्ती, कोणासंग आणल्ती, एवढं सांगा. माझ्यापासून काहून लपवली असंल? मला काहून खोटं बोलली असंल?

सहा दिवस या माणसाच्या डोक्यात हे चाललं होतं.

मी घड्याळाकडे पाहिलं. नव्वद सेकंद कधीच होऊन गेले होते. म्हणालो, तो एक तांत्रिक प्रकार आहे काका. फोटो बोलतो तसा. त्यांनी विचारलं, मंजे तिनं तेल लावलंच न्हाई? म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, बोलली बी न्हाई? नाही.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, मंग बरं. मंग ती खरंच बोलत व्हती. धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि चक्क हसले. मला फार वाईट वाटलं. खरोखर.  आता सांगायचं, आता, असं मनात म्हटलं.

त्यांनीच विचारलं, केलं कोणी हे? तोंड उघडलं. तोंडातून आलं: एक मुलगी होती, तिला काढलं.

रामराव उठून उभेच राहिले. पोरीला काढलं? माझ्या सोनूबाईपाई? न्हाई न्हाई साहेब, कुठं राहती ती, मी सांगून येतो तिला, माझं काई म्हणणं न्हाई.

दारात शीतल उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. तिने ऑफिसच्या चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या, रामरावांचा हात धरला आणि जिना उतरली. मी वरून म्हणालो, शीतल, नोटीस पीरियड एक महिन्याचा आहे.

१३ जानेवारी, मंगळवार
शीतल आली नाही. सगळ्या पेजेसचे पासवर्ड तिच्याकडे. आठवले तेवढे टाकून पाहिले, अकाउंट लॉक झाली. शेठनीही काम काढून घेतलं. म्हणजे नाव देऊन उपयोग झाला नाही. मनुष्यबळ आता पाच. बाकीच्या चौघांना म्हणालो, आपण लीन होतोय, म्हणजे सडपातळ.

उद्या फरहानाकडे. नक्की.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. आज गोड बोलायचं असतं. हा विषय गोड नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
चौघांपैकी दोघांनी विचारलं, सर, खातरजमेच्या रकान्यात आता कोणाची सही घ्यायची? दोघंही पेन खिशात घालून उभे. म्हणालो, तो रकानाच काढून टाका. एकोणीस सेकंद, पण मजा आली नाही.

१७ जानेवारी, शनिवार
भाषण लिहिलं. आरशासमोर चार वेळा म्हटलं. “फोटो मी निवडले, सही मी करायला लावली, नाव मी दिलं. फरहानाची यात काहीही चूक नाही.” साधी तीन वाक्यं. चौथ्या वेळी अर्पिता दारात होती. म्हणाली, हे आरशाला सांगून काय फायदा, जा ना. पहिल्यांदाच तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. उद्या रविवार, सगळे घरी असतील. सकाळी दहा. कागद खिशात ठेवला.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी १२.४०
गेलो. खरंच गेलो. हे आधी लिहून ठेवतो.

दार कमरबीने उघडलं. आवाज चढवला नाही, आइये म्हणाली. आत पलंगावर रामराव बसलेले, बशीत चहा. बाजूला शीतल. टेबलावर लॅपटॉप, समोर फरहाना. दारावर एक साधा कागद चिकटवलेला: डिझाईन व फोटोचे काम करून मिळेल. शेजारच्या त्या दोन मुली स्टुलावर बसून फरहानाचा हात बघत होत्या. त्यांच्या आयाही होत्या. म्हणजे ज्यांना ज्यांना सांगायचं होतं, ते सगळे एका खोलीत. असा योग मीटिंग बोलावून येत नाही.

पडद्यावर सोनूबाई. बोलत नव्हत्या. फरहाना त्यांच्या फोटोवरचे डाग काढत होती, फ्रेमसाठी. रामराव मला म्हणाले, मी म्हणलं पोरीला, एकदा बोलती करून दे, नुसतं माझं नाव घेऊ दे. तर न्हाई म्हणली. म्हणली, चाचा, वो आपकी सोनूबाई नहीं बोलेगी, मेरा कम्प्युटर बोलेगा. बराबर हाय तिचं.

आणि मग म्हणाले, बसा साहेब. शीतलताईनं सांगितलं आम्हाला सगळं. फोटू तुम्ही निवडले म्हून.

सगळ्यांना माहीत होतं. कोणी रागानेही बघत नव्हतं. फरहानाने मान वळवली आणि माझ्याकडे पाहत थांबली. शीतलही. कमरबी चहाचा कप हातात घेऊन उभी. त्यांना मी फक्त ते तोंडाने म्हणायला हवं होतं, त्या दोन मुलींच्या आयांसमोर. खिशातल्या कागदाला हातही लागला होता.

कमरबी म्हणाली, बोलो साब. कैसे आए?

मी म्हणालो, ते लॅपटॉपचं चार्जर राहिलं होतं ऑफिसचं.

 फरहाना उठली, भिंतीजवळचं चार्जर काढलं, वायर नीट गुंडाळली, रबर लावलं आणि माझ्या हातात दिलं. चहा घेऊन जाव, कमरबी म्हणाली. घेतला. गरम होता, तरी एका दमात संपवला.

घरी येऊन लावून पाहिलं. आपल्या एकाही लॅपटॉपला बसत नाही. तिचं स्वतःचं होतं.